दुष्काळात आधी कोण मरतो, पैलवान की सावकार?

आपल्या वस्त्यांत आता जिम आल्या आहेत. पोरं घाम गाळतात, व्यसनापासून लांब राहतात, चांगलंच आहे. पण तिथे एक वाक्य फार ऐकू येतं: संकटात फिट माणूस टिकतो, चरबीवाला आधी जातो. वर 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट'चा दाखला. हर्बर्ट स्पेन्सरच्या त्या शब्दांचा दंडाच्या मापाशी काही संबंध नाही, हे आत्ता राहू द्या. वाक्य तपासून बघू.

पूर आला, आग लागली, चालत शहर सोडावं लागलं, तर तिथे फुप्फुस आणि पाय कामाला येतात. याबद्दल आमचा वाद नाही. पण संकट महिनोन्‌महिने चालणारं असेल आणि त्याचं नाव भूक असेल, तर हिशेब उलटतो. शरीरातली साखर साधारण एका दिवसात संपते. त्यानंतर माणूस चरबीवर जगतो. एक किलो शुद्ध चरबीत सुमारे ९,००० कॅलरी असतात. ती संपत आली की शरीर स्नायू खायला लागतं, त्यात हृदयाचा स्नायूही आला. आणि कमावलेला स्नायू बसल्याजागीही जास्त खातो.

आता १८७६-७८ चा दुष्काळ घ्या. सोलापूर, अहमदनगर, सातारा, कलादगीपासून म्हैसूर-मद्रासपर्यंत पाऊस गेला. ५० लाखांहून जास्त माणसं मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, आणि सर रिचर्ड टेंपलने मजुरी ठरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि अर्धा आणा. बाया-पोरांना त्याहून कमी. खरा गरजू कोण हे ओळखायला कसोटी लावली कष्टाची. मैलोन्‌मैल चालत या, खडी फोडा, माती वाहा, मग खा. मद्रासचा आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश सांगत होता की एवढ्या अन्नावर एवढं काम होत नाही, तुरुंगातल्या कैद्यालाही यापेक्षा जास्त मिळतं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आपल्या चळवळीच्या इतिहासात का शिकवला जात नाही, हे कोडंच आहे.

टेंपलचा हा शिधा कॅलरीत मोजला तर १,६०० च्या आसपास जातो. हा आकडा लक्षात ठेवा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीजने ३६ निरोगी, धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला २२ मैल चालणं. डॉक्टर शेजारी, झोपायला पलंग, अंगावर कोरडे कपडे. तरी त्यांचं वजन चौथाईने घटलं, नाडी मंदावली, दमश्वास गेला, डोक्यात अन्नाशिवाय विचार उरला नाही. तगडेपणा सगळ्यात आधी गळाला.

आमच्या अंदाजाने मांडून बघू. खडी फोडणाऱ्याला दिवसाला ३,००० कॅलरी लागतात असं धरा. मिळतात १,६००. रोजची तूट १,४००. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या ४५ किलोच्या मजुराच्या अंगात खर्चता येईल अशी चरबी दीड किलो असली तर ती दहा दिवसांत संपली. शरीर काटकसर करतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे जास्त दिवस निघतील. पेढीवर बसलेल्या सावकाराच्या अंगात तशी १५ किलो असेल, आणि त्याला खडी फोडायची नाही. गावात सगळ्यात काटक, सगळ्यात कामसू कोण होतं? वेशीबाहेरची माणसं. मग पटकी आणि हिवताप आले, त्यांनी उरलेलं काम केलं. बाईच्या अंगात चरबीचा वाटा जास्त असतो, आणि अनेक दुष्काळांत पुरुष जास्त मेलेले दिसतात, त्याचं हे एक कारण सांगितलं जातं. शिधा कमी मिळूनसुद्धा.

म्हणून चरबीकडे आम्ही साठवलेलं धान्य म्हणून बघतो. कणगी घरात असते, तशी अंगात असते. ज्याच्या घरात नाही त्याच्या अंगातही नाही. २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून सावित्रीमाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात हाच दुष्काळ आहे: ओस पडणारी गावं, मरणारी जनावरं आणि त्यातही हात न आखडणारे सावकार. महार-मांगांचं पोट बलुत्यावर. पीक बुडालं की बलुतं बुडालं. मेलेल्या जनावराचं मांस वाळवून केलेल्या चान्या, तेलाऐवजी वापरलेली चरबी, ही त्यांची साठवण. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये या अन्नाची नोंद केली आहे. ज्याला लोक ओंगळ म्हणत आले, ती कणगी नसलेल्यांची कणगी होती.

बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला मृतमांस सोडायला सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. वर्षभराने, मार्च १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाचं बिल मांडलं, ते फारसं कुणाला आठवत नाही. बलुत्याऐवजी रोख पैसा आणि वतनाची जमीन इतर रयतेसारखी हक्काने कसायला, अशी त्यात मागणी होती. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. चान्या सोडायला लावणारा माणूस घरात कणगी कुठून येईल याची तजवीज करत होता.