पहिली दुर्बीण : नेत्रिका आणि जोडसाहित्य कसे निवडावे?

शनीची कडी आणि चंद्रावरील विवरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची ओढ, हे बहुतेक घरांत पहिली दुर्बीण येण्याचे कारण असते. खरेदीच्या वेळी नळीची लांबी पाहिली जाते, आरशाचा व्यास विचारला जातो आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला 'इतके पट मोठे' हा आकडा तर सर्वांत आधी वाचला जातो. डोळा मात्र टेकतो तो नेत्रिकेवर. दुकानात जिला 'आयपीस' म्हणतात, ती ही अंगठ्याएवढी वस्तू. चांगल्या आरशाच्या दुर्बिणीलाही सुमार नेत्रिका जोडली, तर गुरू म्हणजे थरथरणारा पिवळसर डाग ठरतो. दोन-चार रात्री असे झाले की मुलांचा उत्साह ओसरतो आणि दुर्बीण माळ्यावर जाते. म्हणूनच पहिल्या दुर्बिणीच्या अंदाजपत्रकातच नेत्रिका आणि मोजके जोडसाहित्य यांसाठी रक्कम राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

साधा भागाकार

दुर्बिणीतील मुख्य भिंग किंवा आरसा प्रकाश गोळा करून आकाशस्थ वस्तूची लहानशी प्रतिमा तयार करतो. त्या प्रतिमेकडे पाहण्याचे भिंग म्हणजे नेत्रिका. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वस्तू किती पट मोठी दिसेल, ते कळते. हे दोन्ही आकडे नळीवर आणि नेत्रिकेवर मिलिमीटरमध्ये लिहिलेले असतात.

नवशिक्यांसाठी सर्रास विकली जाणारी, ११४ मि.मी. व्यासाचा आरसा आणि ९०० मि.मी. नाभीय अंतर असलेली परावर्ती दुर्बीण उदाहरणादाखल घेता येईल. तिला २५ मि.मी.ची नेत्रिका लावली तर वस्तू ३६ पट मोठी दिसते, १० मि.मी.ची लावली तर ९० पट आणि ६ मि.मी.ची लावली तर १५० पट. नेत्रिकेवरील आकडा जितका लहान, तितके वर्धन अधिक. पहिल्यांदा दुर्बीण हाताळणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो.

६७५ पटीचे गौडबंगाल

अशा दुर्बिणीच्या खोक्यावर अनेकदा '६७५ पट' असे छापलेले आढळते. हा आकडा येतो कोठून? सोबत दिलेल्या ४ मि.मी.च्या नेत्रिकेने २२५ पट वर्धन मिळते; त्याला तिप्पट करणारे 'बार्लो' भिंग जोडले की गणित ६७५ वर जाते. भागाकार-गुणाकार बरोबर आहे. दिसणारी प्रतिमा मात्र कामाची नसते.

दुर्बिणीने गोळा केलेला प्रकाश आरशाच्या व्यासावर ठरतो. तोच प्रकाश अधिक मोठ्या प्रतिमेवर पसरला की प्रतिमा अंधूक होते. वर्धन तिप्पट केले तर ग्रहाच्या बिंबाची उजळता नवव्या हिश्शावर येते. शिवाय प्रकाशाच्या तरंगरूपामुळे प्रत्येक व्यासाला तपशिलाची मर्यादा असते. तिच्यापलीकडे प्रतिमा फक्त फुगते, नवे काही दिसत नाही. व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट, हा उपयुक्त वर्धनाचा ढोबळ वरचा टप्पा मानला जातो. ११४ मि.मी.च्या आरशासाठी तो सुमारे २२८ पट येतो. शहरातील गच्चीवरून, दिवसभर तापलेल्या सिमेंटमधून उठणाऱ्या हवेच्या थरथरीतून पाहताना १५० पटीपलीकडे लाभ होईल अशा रात्री थोड्याच असतात.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. दुर्बिणीच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. अंधाराला सरावलेली तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी.पर्यंत उघडते, वय वाढते तसे हे प्रमाण कमी होत जाते. झोत बाहुलीपेक्षा रुंद झाला तर जमवलेला प्रकाश वाया जातो. ३६ पटींना हा झोत सुमारे ३ मि.मी.चा, म्हणजे सर्वांना सोयीचा असतो.

अक्षरांचा अर्थ

नेत्रिकेवर आकड्याच्या आधी एखादे इंग्रजी अक्षर असते. 'एच' म्हणजे ह्युजेन्स. सतराव्या शतकातील डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान ह्युजेन्स यांची ही दोन भिंगांची रचना. 'एसआर' म्हणजे त्यानंतरच्या शतकातील रॅम्सडेन रचनेचा एक प्रकार. स्वस्त दुर्बिणींसोबत मिळणाऱ्या ४ मि.मी.च्या नेत्रिका बहुधा याच प्रकारांत मोडतात. त्यांच्यातून पाहणे म्हणजे किल्लीच्या भोकातून डोकावणे. 'के' म्हणजे १८४९ सालची केल्नर रचना. तीन भिंगांची, कमी वर्धनासाठी पुरेशी चांगली. 'पीएल' म्हणजे प्लोस्ल. व्हिएन्नाचे भिंगकार गेओर्ग सिमोन प्लोस्ल यांनी १८६० साली दोन जोडभिंगे समोरासमोर बसवून ती तयार केली. सुमारे ५० ते ५२ अंशांचे दृष्टिक्षेत्र, सुबक प्रतिमा आणि आटोक्यातील किंमत यांमुळे नवशिक्यासाठी आजही हीच रचना सर्वांत भरवशाची मानली जाते.

ज्या नळकांड्यात नेत्रिका बसते, त्याचा व्यास सव्वा इंच आहे ना, हे खरेदीपूर्वी मोजून पाहावे. जुन्या आणि अगदी स्वस्त दुर्बिणींत तो पाऊण आणि एक इंचाच्या मध्ये, ०.९६५ इंच असतो. त्या मापाच्या चांगल्या नेत्रिका मिळणे कठीण जाते आणि पुढे दुर्बीण बदलली तर त्या निरुपयोगी ठरतात. सव्वा इंची नेत्रिका मात्र पुढच्या दुर्बिणीलाही चालतात. या अर्थाने नेत्रिका ही दुर्बिणीपेक्षा दीर्घायुषी गुंतवणूक आहे.

आकाशाचा किती तुकडा दिसतो?

नेत्रिकेच्या दृष्टिक्षेत्राला वर्धनाने भागले की आकाशाचा किती भाग एका वेळी दिसेल, ते ढोबळमानाने कळते. ५२ अंशांच्या २५ मि.मी. प्लोस्लमधून वरील दुर्बिणीत सुमारे १.४ अंश आकाश दिसते. पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे, म्हणजे जवळजवळ तीन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा हा भाग झाला. मृग नक्षत्रातील तेजोमेघ त्यात सहज बसतो. कृत्तिकांचा पुंज मात्र दोन अंशांच्या आसपास पसरलेला असल्याने ३२ मि.मी.च्या नेत्रिकेतही कडेकडेने मावतो.

१० मि.मी.च्या नेत्रिकेत हे क्षेत्र सुमारे ०.६ अंशावर येते. संपूर्ण चंद्र त्यात कसाबसा मावतो आणि विवरांच्या कडांवरील सावल्या स्पष्ट होतात. सप्तर्षीतील वसिष्ठ आणि अरुंधती ही लग्नात वधूवरांना दाखवली जाणारी जोडी या क्षेत्रात एकत्र दिसते. शिवाय नुसत्या डोळ्यांना एकच वाटणारा वसिष्ठ हा स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे, हेही उघड होते. शनीची कडी २०२५ साली पृथ्वीवरून कडेने दिसत असल्यामुळे रेषेसारखी भासत होती. त्यानंतर ती पुन्हा हळूहळू उलगडू लागली असून, ९० पटींच्या वर्धनात ग्रहापासून वेगळी ओळखता येतात.

दृष्टिक्षेत्राचा संबंध वेळेशीही आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. मोटर नसलेल्या दुर्बिणीत ३६ पटींना विषुववृत्तालगतची वस्तू सुमारे पावणेसहा मिनिटे नजरेत राहते. १५० पटींना दीड मिनिटाच्या आतच निसटते. घरातील चौघांना आळीपाळीने गुरू दाखवायचा असेल तर कमी वर्धनाचीच नेत्रिका उपयोगी पडते.

चष्मा असणाऱ्यांसाठी

नेत्रिकेच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवून संपूर्ण क्षेत्र दिसते, हे अंतर प्लोस्ल रचनेत नाभीय अंतराच्या सुमारे सत्तर-ऐंशी टक्के असते. २५ मि.मी.साठी ते ऐसपैस असते, ६ मि.मी.साठी जेमतेम ४ ते ५ मि.मी. उरते आणि पापण्या भिंगाला घासू लागतात. केवळ जवळचा किंवा दूरचा नंबर असल्यास चष्मा काढून दुर्बिणीचे फोकस जुळवले की काम भागते. दृष्टिवैषम्याचा, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवूनच पाहावे लागते. अशांनी १५ ते २० मि.मी. अंतर देणाऱ्या नेत्रिका निवडाव्यात.

बार्लोचा हिशेब

इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो यांच्या नावाने ओळखले जाणारे भिंग नेत्रिकेच्या आधी बसवले की वर्धन दुप्पट होते. चांगल्या प्रतीचे दुप्पटीचे बार्लो एका खरेदीत दोन नेत्रिकांचे काम चार नेत्रिकांइतके वाढवते. मात्र निवड हिशेबाने करावी. २० आणि १० मि.मी.च्या नेत्रिका असतील तर बार्लो लावलेली २० मि.मी. ही १० मि.मी.सारखीच ठरते आणि एक वर्धन फुकट जाते. २५ आणि १० मि.मी.च्या जोडीतून ३६, ७२, ९० आणि १८० असे चार वेगळे टप्पे मिळतात. सोबत फुकट आलेले, प्लास्टिकच्या नळीतील तिप्पट बार्लो आणि प्रतिमा सुलट करणारे दीडपट भिंग रात्रीच्या आकाशासाठी बाजूला ठेवलेलेच बरे.

आधी काय, नंतर काय?

जोडसाहित्याची यादी लांबलचक असते. निकड मात्र थोड्याच वस्तूंची असते. पहिला मान तिपाईचा. फोकस जुळवताना प्रतिमा पाच सेकंद हलत राहिली, तर महागडी नेत्रिकाही व्यर्थ. तिपाईचे पाय पूर्ण न उघडता, मधल्या फळीला वाळूची पिशवी लटकवल्यास कंप बराच कमी होतो. यासाठी खर्च जवळपास शून्य.

दुसरा क्रमांक शोधक दुर्बिणीचा. मुख्य नळीवरील ही छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपका दाखवणारा शोधक दिवसाउजेडी दूरच्या मनोऱ्यावर रोखून मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्यावा. हे जुळवलेले नसले की रात्री चंद्रसुद्धा सापडत नाही. परावर्ती दुर्बिणीचे आरसे प्रवासात हलतात. ते पुन्हा एका रेषेत आणण्यासाठी मध्यभागी बारीक छिद्र असलेले साधे टोपणही पुरते.

अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका झगझगीत उजेडाने ते क्षणात बिघडतात. म्हणून मंद लाल विजेरी आणि तारकानकाशा जवळ असावा. चंद्रासाठीची करडी काच सोयीची आहे, आवश्यक नाही. चंद्रप्रकाशाने डोळ्यांना इजा होत नाही, केवळ दिपल्यासारखे होते. रंगीत काचांचा संच पहिल्या वर्षी नसला तरी काही बिघडत नाही. शहरी उजेड गाळणाऱ्या काचांकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. रस्त्यांवरील पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने तो वेगळा काढणे अवघड असते.

एक काच फेकूनच द्यावी

काही स्वस्त दुर्बिणींसोबत 'सन' असे लिहिलेली गडद हिरवी वा काळी काच येते. ती नेत्रिकेच्या टोकाला आट्यांनी बसवायची असते. ही काच वापरू नये आणि मुलांच्या हाती लागेल अशी घरातही ठेवू नये. दुर्बीण सूर्याचा प्रकाश आणि उष्णता नेमक्या त्याच जागी एकवटते. काच तडकली तर डोळा काढून घेण्याइतकाही अवधी मिळत नाही. दृष्टिपटलाला झालेली इजा कायमची असू शकते आणि दृष्टिपटलाला वेदना होत नसल्याने ती होताना कळतही नाही.

सूर्य पाहायचाच असेल तर खास सूर्यनिरीक्षणासाठी बनवलेला प्रमाणित पडदा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, संपूर्ण व्यास झाकेल असा घट्ट बसवावा. दर वेळी त्याला टाचणीएवढे छिद्रही पडलेले नाही ना, हे उजेडात धरून तपासावे आणि शोधक दुर्बिणीचे तोंड बंद ठेवावे. ग्रहणाच्या दिवशी गर्दी आणि घाई असते. नेमकी तेव्हाच ही खबरदारी विसरली जाते.

पावसाळ्यातील निगा

मुंबई-कोकणात भिंगांचा खरा शत्रू बुरशी. जून ते सप्टेंबर दुर्बीण बहुतेक कपाटातच असते आणि दमट हवेत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू वाढतात. बुरशी भिंगावरील लेप खाऊ लागली की स्वच्छ करूनही डाग राहतो. नेत्रिका कापडी वा चामडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. भिंगावरील धूळ रुमालाने पुसू नये; रबरी फुग्याने फुंकर मारून उडवावी. आरशाला तर शक्यतो हातच लावू नये.

खरेदीपूर्वी

एकदम सहा-सात नेत्रिकांची पेटी घेण्यापेक्षा २५ मि.मी.ची किंवा ३२ मि.मी.ची एक उत्तम प्लोस्ल आधी घ्यावी. त्यानंतर १० मि.मी.च्या आसपासची दुसरी आणि गरज वाटली तर बार्लो. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईतील खगोल मंडळ यांसारख्या संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आल्या आहेत. अशा एखाद्या रात्री इतरांच्या दुर्बिणींतून वेगवेगळ्या नेत्रिका लावून पाहिल्यास कोणती आपल्या डोळ्याला मानवते, ते पैसे खर्च करण्यापूर्वीच समजते.

दुर्बीण हाती आल्यावर पहिल्या रात्री सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका लावावी, नळी अर्धा तास उघड्या हवेत ठेवून थंड होऊ द्यावी आणि सुरुवात अष्टमीच्या आसपासच्या चंद्रापासून करावी. प्रकाश आणि अंधाराच्या सीमेवरची विवरे ३६ पटींतही स्वच्छ दिसतात.