गाडी चालू होत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी हे बघा

वसई : १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आगाशी, निर्मळ, भुईगाव भागात भाजी-फुलं घेऊन स्टेशन गाठणाऱ्या जुन्या गाड्या मात्र अजून धावतात.

गाडी अडली की दोष थेट कार्बोरेटरला दिला जातो. पावसाळ्यात आधी प्लगचा करंट बघावा. प्लगच्या टोपीत पाणी गेलं तरी गाडी अशीच मिसिंग करते.

चोक ओढल्यावरच चालते, चोक सोडला की बंद पडते, तर स्लो जेटमध्ये कचरा असण्याची शक्यता जास्त. जेटमध्ये तार कोचू नये. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. हवा मारून साफ करावा. खालच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई नीट बसत नाही. कॉक बंद करा, विडी-काडी लांब ठेवा. प्लगवर काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर वेगळी गोष्ट. एअर फिल्टर भिजला असेल तर किक मारूच नये, इंजिन जाईल. इंजिन थंड झाल्यावर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. इथेनॉलचं पेट्रोल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकीही रिकामी करावी. नुसती वाटी साफ केली तर दोन दिवसांत गाडी पुन्हा तिथेच उभी.