रसायनशाळेतून गणकयंत्राकडे

शिराळकरांना नागाविषयी मी काय सांगावे! पण नागाच्या विषात मुख्यतः प्रथिनेच असतात, हे मला माझ्या भाचीकडून कळले. ती रसायनशास्त्र शिकली आणि आता दिवसभर संगणकापुढे बसते. “अग, मग इतके शिकलीस ते वाया गेले ना?” असे मी विचारताच तिने मार्गारेट डेहॉफ ह्या अमेरिकन विदुषीचे नाव सांगितले. मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. तेच भगिनींपुढे ठेवते.

मार्गारेटबाईंचा जन्म १९२५ साली फिलाडेल्फियास झाला. १९४८ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची रसायनशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली, तीही भोके पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या यंत्रांकडून रेणूंची गणिते करवून. पुढे दोन मुलींच्या संगोपनासाठी काही वर्षे घरी काढली. १९६० साली रॉबर्ट लेडली ह्यांच्या वैद्यकीय संशोधनसंस्थेत त्या रुजू झाल्या.

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ समजा. मण्यांचा क्रम कळावा म्हणून शास्त्रज्ञ माळेचे तुकडे करून ते पुन्हा जुळवीत. एकाच आमंत्रणपत्रिकेच्या दोन प्रती निरनिराळ्या जागी फाडल्या, तर एकीच्या तुकड्यावरून दुसरीचे तुटलेले शब्द लागतात, तसेच हे. हे किचकट काम गणकयंत्राकडून करविण्याची रीत ह्या दोघांनी १९६२ साली मांडली.

१९६५ साली बाईंनी सहकाऱ्यांसह प्रथिनांचा पहिला कोश काढला. त्यात ६५ प्रथिनांचे क्रम होते. जागा वाचावी म्हणून त्यांनी प्रत्येक मण्याला एकच अक्षर दिले. दुसऱ्यांनी शोधलेले गोळा करणे हे कसले संशोधन, असे म्हणणारेही होते. मला तर ह्याचा रागच येतो. निवडल्या-टिपल्यावाचून कोणाच्या घरचे धान्य जात्यात पडते? क्रम शेजारी शेजारी मांडले म्हणून तर प्राणिमात्रांचे नाते दिसले. सायटोक्रोम-सी ह्या प्रथिनाच्या १०४ मण्यांत माणूस आणि ऱ्हीसस माकड ह्यांच्यात एकाच मण्याचा फरक! वनस्पतींतील ह्याच सायटोक्रोम-सीवर काम करून आपल्या कमलाबाई सोहोनींनी १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली होती.

१९८० साली बाईंचा हा संग्रह टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या गणकयंत्रांना मिळू लागला. १९८३ मध्ये त्या हृदयविकाराने वारल्या. त्यांची एक मुलगी डॉक्टर होऊन वैद्यकीय संगणनातच काम करू लागली.

परवा भाचीने मला पडद्यावर नागविषातील एक माळ दाखविली. साठेक अक्षरांची ओळ होती. अक्षरे बाईंचीच. मी बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजली.