अपस्मार आणि स्मृती : प्रायोगिक संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

'अपस्मार' या संज्ञेतच स्मृतीचा लोप सूचित आहे. चरकसंहितेनेही या व्याधीचे स्वरूप सांगताना स्मृती व बुद्धी यांच्या विकृतीला अग्रस्थान दिले. लोकव्यवहारात मात्र रोगाची ओळख झटक्यावरून ठरली. विदर्भात त्यास 'मिरगी' म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर 'बाहेरची बाधा' झाल्याचे समजून रुग्णांना आणण्याची परंपरा आहे, आणि ग्रामीण समाजात झटका ही अशाच बाधेची खूण मानली गेली.

प्रयोगशाळेनेही आरंभी झटकाच पाहिला. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत पुटनम व मेरिट यांनी मांजरांना विजेने झटके आणून औषधांची पारख केली व त्यातून फेनिटॉइन पुढे आले. झटका आवरतो किंवा नाही, हीच तेथील कसोटी होती.

स्मृतीकडे लक्ष वळले ते एका शस्त्रक्रियेमुळे. अपस्मारग्रस्त हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग १९५३ मध्ये काढण्यात आला. झटके कमी झाले, परंतु नवी आठवण टिकेना. हा लोप शस्त्रक्रियेचा परिणाम होता, अपस्माराचा नव्हे. तथापि अनेक झटक्यांचा उगम ज्या भागात होतो, तोच भाग स्मृतीस आवश्यक असल्याचे त्यातून दिसले. पुढे कॅनडात ग्रॅहम गॉडार्ड उंदरांच्या मेंदूस सौम्य विद्युत्-उद्दीपन देऊन शिकण्याच्या प्रक्रियेचा अभ्यास करीत होते. प्रारंभी निरुपद्रवी असलेले उद्दीपन रोज दिल्यावर काही दिवसांनी झटके येऊ लागले. १९६७ व १९६९ मध्ये त्यांनी ही 'किंडलिंग' प्रक्रिया मांडली. (शिकण्याचा शोध घेताना अपस्माराचे प्रतिरूप हाती लागावे, हा योगायोग बोलका आहे.)

रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या जलकुंड-चाचणीत उंदराला पाण्याखाली दडलेला चौथरा आठवणीने शोधावा लागतो. पिलोकार्पिन देऊन दीर्घ झटके आणलेले उंदीर पुढे या चाचणीत मागे पडलेले आढळले. परंतु दोष झटक्याचा, पेशीनाशाचा की अन्य कशाचा, हा प्रश्न उरलाच. २०१० मध्ये क्लीन, होम्स व सहकाऱ्यांनी त्याचा एक धागा सोडविला. झटका नसतानाही अपस्मारग्रस्त उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये क्षणिक विद्युत्-स्पंद उमटतात. उंदीर माहिती आठवीत असतानाच स्पंद उमटला, तर उत्तर चुकण्याचे प्रमाण वाढे. माहिती ग्रहण करताना उमटलेल्या स्पंदाचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे शिकलेले नष्ट झालेले नसते, त्या क्षणी ते हाती येत नाही.

उंदरावरून माणसाविषयी थेट अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. शिवाय मानवी रुग्णांत फिनोबार्बिटोनसारख्या औषधांचाही विस्मरणात वाटा असू शकतो. तरीही झटके थांबल्यावर परीक्षेत अडखळणाऱ्या विद्यार्थ्यावर आळशीपणाचा वा मंदबुद्धीचा शिक्का मारण्यास या प्रयोगांनंतर फारसा आधार उरत नाही.