माळरान आणि काटक झाडें

कोल्हापूरचें नांव काढलें म्हणजे डोळ्यांपुढें पंचगंगेच्या कांठचे उंसाचे मळे उभे राहतात. परंतु या जिल्ह्यांत पश्चिमेस गगनबावड्यास २०० इंचांवर पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे तो २०-२५ इंचांवरच थांबतो, आणि मध्यें मुरमाड माळ पसरलेले आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. या माळांवर काय लावावें, हा प्रश्न आजचा दिसत असला तरी झाडांची चिंता येथें जुनीच आहे.

इ. स. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या 'आज्ञापत्रां'त वृक्षांचा विचार राजनीतीचें अंग म्हणून आला आहे. रयतेनें आंबा, फणस लेंकरांप्रमाणें वाढविलेले असतात. ते तोडल्यास तिच्या दुःखास पार राहत नाहीं. जीर्ण झाड घेणेंच झालें तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन घ्यावें. आणि गडाभोंवतालच्या झाडींतील काठीहि तोडूं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. झाड तोडण्यास घटका पुरते, वाढण्यास पिढी लागते, हें मर्म अमात्यांनीं ओळखलें होतें.

पुढें उजाड जमिनीसाठीं लोकांची दृष्टि काटक वनस्पतींकडे वळली. आपल्या बांधांवरील घायपात आणि फड्या निवडुंग हे मूळचे अमेरिकेंतले. त्यांच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रें दिवसा मिटलेलीं असून रात्रीं उघडतात. त्यामुळें अल्प पाण्यावर तीं तग धरतात. परंतु काटकपणा हा केवळ गुणच नव्हे. १७९५ सालीं किरमिजी रंगाच्या लोभानें कलकत्त्यास एक किडा आणला गेला. तो रंगाच्या कामीं निरुपयोगी ठरला, मात्र उत्तरेकडील एका जातीचा निवडुंग त्यानें फस्त केला. दक्षिणेंत दुसऱ्या जातीचा निवडुंग माजला, तो आवरण्यासाठीं १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून निराळा किडा आणावा लागला. सुबाभळीचें उदाहरण तर अलीकडचें आहे. तिचा एके काळीं मोठा गाजावाजा झाला. पण १९८८ सालीं तिच्यावर एक परकी कीड पडली आणि एकाच झाडावर भिस्त ठेवण्यांतील धोका सर्वांस दिसला.

याउलट वाळा पाहा. त्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खोल जातात, म्हणून शेजारच्या पिकास त्याचा उपद्रव नाहीं. उताराला आडवी अशी त्याची दाट ओळ लावली म्हणजे पाण्याचा वेग मोडतो आणि वाहून जाणारी माती तेथेंच अडते. म्हैसूरजवळील गुंडलुपेटचे शेतकरी फार पूर्वींपासून हें करीत आले. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं त्याचा पुरस्कार केला तो १९८०च्या दशकांत!

खुद्द कोल्हापुरांतील उदाहरण सागरमाळाचें. १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हां हा माळ उजाडच होता. पहिले कुलगुरु डॉ. आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार. ताराबाईच्या काळचीं, म्हणजे रामचंद्रपंतांच्याच पिढीचीं, कागदपत्रें त्यांनीं संपादिलीं. आज तेथें तळीं आहेत आणि दाट झाडीहि आहे. आधीं पाणी अडवावें, मग झाड लावावें, आणि लावल्यावर तें वर्षानुवर्षें राखावें, हाच क्रम तेथें फळास आला.

तथापि प्रत्येक उघडी जमीन नासलेलीच असते असें नाहीं. पन्हाळ्यापलीकडील मसाईच्या पठारावर उन्हाळ्यांत आम्हांस केवळ जांभा दगड दिसला. भाद्रपदांत गेलों तों सीतेचीं आसवें, गेंद आणि कवला यांनीं तोच दगड झांकून गेला होता. तेथें खड्डे खणून परकीं झाडें लावणें म्हणजे उपकाराच्या नांवाखालीं अपकारच होय.

म्हणून रोप हातीं घेण्यापूर्वीं तो माळ उजाड झालेला आहे, कीं तो मुळांतच तसा आहे, एवढें विचारावें. पहिल्यास झाड द्यावें; दुसऱ्यास त्याचें त्याला राहूं द्यावें. अमात्यांच्या शिकवणुकीचा आजच्या काळीं एवढाच अर्थ आम्ही घेतों.