कसाबचा वकील आणि दुसरा एक खटला

‘कसाबला सरकारी पैशानं वकील कशाला दिला?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की समोरचा तो विचारणार हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं. माझं नाव कळलं की तर हमखास. जणू त्या फीचा हिशोब माझ्याकडेच आहे! पूर्वी मी घटनेचं कलम 22 ऐकवायचो. आता दुसऱ्या एका खटल्याबद्दल सांगतो.

कलम 22 आरोपीला आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क देतं, पण त्याचे पैसे कोण देणार, हे सांगत नाही. 1951 साली तेलंगणातल्या लढ्यात फाशीची शिक्षा झालेल्यांचं जनार्दन रेड्डी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. हैदराबादच्या विशेष न्यायाधिकरणापुढे त्यांच्या बाजूनं वकील नव्हता, ही तक्रार होती. वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्द होत नाही, असं न्या. फजल अली यांनी निकालात म्हटलं. अर्ज फेटाळले गेले.

पुढे 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 304 आलं: सत्र न्यायालयातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील. 1976मध्ये घटनेत कलम 39-अ आलं, 1987मध्ये विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, तो लागू व्हायला 1995 उजाडलं. कागदावर सगळं झालं.

डिसेंबर 1997मध्ये दिल्लीत एका बसमध्ये स्फोट झाला. चार माणसं गेली. मोहम्मद हुसेन नावाच्या पाकिस्तानी नागरिकाला अटक झाली. कलम 304 होतंच, तरीही 65पैकी 56 साक्षीदारांच्या साक्षी त्याच्या बाजूनं वकील हजर नसताना झाल्या, आणि त्यांतल्या फक्त एकाची उलटतपासणी झाली. 2004मध्ये फाशी सुनावली गेली, उच्च न्यायालयानं ती कायमही केली. जानेवारी 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं, हा खटला टिकत नाही यावर एकमत झालं. सोडावं की पुन्हा चालवावं, यावर मात्र झालं नाही. 31 ऑगस्ट 2012 रोजी तीन न्यायमूर्तींनी फेरखटल्याचा आदेश दिला. या वेळी बचाव झाला, आणि 2013च्या जानेवारीत तो स्फोटाच्या आरोपातून सुटला. मधली पंधरा वर्षं तुरुंगात गेली.

त्याच्या दोनच दिवस आधी, 29 ऑगस्टला, त्याच न्यायालयानं कसाबची फाशी कायम केली होती. त्याच्या बाजूनं आधी अब्बास काझमी, मग के. पी. पवार, उच्च न्यायालयात अमीन सोलकर आणि फरहाना शाह, दिल्लीत राजू रामचंद्रन. मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेनं त्याचं वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता, तरीही. सुरुवातीला वकील नव्हता, हा मुद्दाही मांडला गेला. त्यानं कसाब वाचला नाही. पण आरोपीला पहिल्यांदा हजर करताच मोफत वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे, असं याच निकालानं बजावलं. चुकल्यास खात्याची कारवाई.

हे सगळं परवा चहाच्या टपरीवर सांगितलं. ऐकणारा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘मग त्या बसमध्ये बॉम्ब ठेवला कुणी?’

ते शोधायला हवं होतं 1998 साली. तेव्हा तर आरोपी सापडलेला होता.