शेगावची केसगळती : रक्तातलं सेलेनियम मोजतात कसं?

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाण्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस अचानक झडायला लागले. आधी संशय पाण्यावर गेला. मग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. त्यांच्या माहितीनुसार रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट, तर केसांत 150 पट जास्त होतं. जस्त मात्र कमी. त्यांनी बोट दाखवलं रेशनच्या गव्हाकडे.

सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी थोडं. लिटरभर रक्तात जेमतेम शे-दीडशे मायक्रोग्रॅम. ते नेहमीच्या रक्तचाचणीत दिसत नाही. त्यासाठी आयसीपी-एमएस यंत्र लागतं. त्यात नमुना आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात सोडतात आणि विद्युतभारित झालेले अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजतात. रक्त घ्यायची नळीही खास हवी; साध्या नळीच्या रबरी बुचातलं जस्त रक्तात उतरलं, तर जस्ताचा आकडा फुगतो.